महाराजांचा हुकूम : १८५७ चे इंदूर आणि साक्षींची पारख

स्वातंत्र्यदिनाच्या समारंभात चार शब्द बोलण्याची विनंती धर्मगुरूंना अनेकदा होते, आणि इंदुरात बोलावयाचे तर १८५७ चा उल्लेख टाळता येत नाही. सआदत खान, अमझेऱ्याचे राजे बख्तावरसिंह आणि महाराज दुसरे तुकोजीराव होळकर ही नावे ओघाने येतातच. धर्मशिक्षकांपुढे हाच विषय प्रश्नाच्या रूपाने उभा राहतो. वर्गातील एखादा चौकस मुलगा विचारतो, होळकर महाराज इंग्रजांच्या बाजूचे होते की बंडवाल्यांच्या? या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणारे लोक आम्हांस पुष्कळ भेटले आहेत. त्यांची उत्तरे परस्परविरुद्ध होती. खात्री मात्र सारखीच होती.

पवित्र शास्त्राचा अभ्यास करताना आपण एखादे वचन पुढे ठेवतो आणि विचारतो : हे कोण बोलले, कोणापुढे बोलले, केव्हा लिहिले गेले, आणि लिहिणाऱ्याचे त्यात प्रयोजन काय? सेमिनरीत ही शिस्त आपल्या अंगी बाणवली जाते. राष्ट्राच्या इतिहासातील वीरपुरुषांकडे वळलो की मात्र तीच शिस्त आपण गुंडाळून ठेवतो आणि कोणाची तरी आरती तरी करतो किंवा कोणाला तरी आरोपीच्या पिंजऱ्यात तरी उभे करतो. प्रस्तुत लेखात ही पारख इंदूरच्या एका सकाळला, किंबहुना त्या सकाळी उच्चारलेल्या एका वाक्याला, लावून पाहण्याचा आमचा विचार आहे.

तो दिवस १ जुलै १८५७ चा. मध्य भारतातील ब्रिटिश एजंट सर रॉबर्ट हॅमिल्टन रजेवर विलायतेस गेले होते आणि त्यांच्या जागी कर्नल हेन्री मॅरियन ड्युरँड हे हंगामी कारभार पाहत होते. उत्तरेकडून येणाऱ्या वार्ता वाईट होत्या. दिल्ली शिपायांच्या हाती गेली होती, झाशी व नीमच पेटले होते, आणि १४ जूनला ग्वाल्हेरची कंटिंजंट फौज उठली होती. रेसिडेन्सीच्या रक्षणासाठी भोपाळ व महिदपूर येथील कंटिंजंट तुकड्या होत्या. त्यांच्या जोडीला ड्युरँड यांनी होळकरांकडूनच पायदळ व तीन तोफा मागवून घेतल्या होत्या. सकाळी आठच्या सुमारास होळकरांच्या रिसाल्यातील सआदत खान घोडा फेकीत आला आणि त्याने आरोळी दिली : तयार व्हा, साहेबांना मारा, महाराजांचा हुकूम आहे. थोड्याच वेळात रक्षणासाठी आणलेल्या तोफांची तोंडे रेसिडेन्सीकडे वळली.

कर्नल ट्रॅव्हर्स यांनी त्या तोफांवर चाल केली तेव्हा त्यांच्या मागे अवघे पाच स्वार आले. (या चालीबद्दल त्यांस पुढे व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.) भोपाळच्या दोन तोफांनी काही काळ उलट मारा केला, परंतु पायदळ लढेना. साडेदहाच्या सुमारास ड्युरँड यांनी हाताशी असलेल्या बायकामुलांसह रेसिडेन्सी सोडली व ते आष्ट्यावरून सिहोरास गेले. रेसिडेन्सीच्या परिसरात त्या सकाळी तीसहून अधिक युरोपीय व युरेशियन माणसे मारली गेली. खजिना लुटला गेला. त्याच रात्री महूच्या छावणीत कंपनीची २३ वी पलटण उठली आणि कर्नल प्लॅट यांच्यासह तीन अधिकारी मारले गेले.

येथपर्यंतच्या हकिकतीविषयी फारसा वाद नाही. वाद आहे तो सआदत खानाच्या आरोळीतील शेवटच्या तीन शब्दांविषयी. महाराजांनी खरोखर हुकूम दिला होता काय?

या प्रश्नावरील सर्वांत जुना कागद स्वतः ड्युरँड यांचा आहे. तोफा सुरू होताच त्यांनी महूच्या कॅप्टन हंगरफर्ड यांना घाईने चिठ्ठी पाठविली, युरोपीय तोफखाना त्वरेने मागविला, आणि आपल्यावर होळकरांनी हल्ला केला आहे असे तीत स्पष्ट लिहिले. जो कागद घटनेच्या जितका जवळचा तितका तो अधिक विश्वसनीय, असे आपण सर्वसाधारणपणे मानतो. वि. का. राजवाडे यांनी अस्सल कागदाचे महत्त्व महाराष्ट्राला शिकविले तेव्हापासून मराठी वाचकाच्या मनात तर हे पक्के ठसले आहे. परंतु येथे तो नियम जपून वापरावा लागतो. चिठ्ठी लिहिताना ड्युरँड यांनी काय पाहिले होते? होळकरांचे सैनिक गोळ्या झाडत आहेत, एवढे पाहिले होते. होळकरांनी हल्ला केला, हे त्यांनी पाहिले नव्हते. तो त्यांचा निष्कर्ष होता. डोळ्यांनी पाहिलेले आणि बुद्धीने जोडलेले ही दोन्ही एकाच शाईने, एकाच ओळीत उतरली. कागद अस्सल आहे. पण तो हल्ला झाला याचा पुरावा आहे, तसाच त्या क्षणी ड्युरँड काय समजले याचाही पुरावा आहे, आणि हे दोन पुरावे वेगळे ठेवले पाहिजेत.

पुढे ड्युरँड त्या निष्कर्षापासून कधीच हलले नाहीत, आणि त्याची कारणे समजण्यासारखी आहेत. हंगरफर्ड यांचा तोफखाना निघाला होता. राऊपर्यंत आल्यावर रेसिडेन्सी सोडल्याची वार्ता त्यांस मिळाली आणि ते माघारी फिरले. राऊ म्हणजे महू-इंदूर रस्त्याचा मध्य. आणखी काही वेळ तग धरली असती तर मदत पोहोचली असती, हा आक्षेप ड्युरँड यांच्यावर त्यांच्या हयातीत आणि मृत्यूनंतरही घेतला गेला. संपूर्ण राज्याची फौज राजाच्या हुकमाने उलटली असेल, तर माघार हा शहाणपणा ठरतो. एका रिसालदाराच्या चिथावणीने काही तुकड्या बिथरल्या असतील, तर त्याच माघारीला निराळे नाव पडते. म्हणजे महाराजांचा हुकूम खरा असण्यावर ड्युरँड यांची अब्रू अवलंबून होती. त्यांनी खोटे लिहिले असे आमचे म्हणणे नाही. भोपाळच्या स्वारांची घरेदारे सिहोरला होती, ते दुसऱ्या वाटेने यावयास तयार नव्हते, हेही लक्षात घ्यावे लागते. त्या धावपळीत सोबत असलेली त्यांची पत्नी त्याच वर्षी महू येथे वारली. एवढे सोसलेल्या माणसाने तटस्थ राहून आपला पहिला ग्रह तपासावा, ही अपेक्षा मोठी आहे. पण म्हणूनच त्याच्या साक्षीचे वजन ठरविताना आपण तटस्थ राहावयास हवे.

आता दुसरी बाजू. तुकोजीराव त्या वेळी बावीस वर्षांचे होते. त्यांना पूर्ण अधिकार मिळून पाच वर्षे झाली होती, आणि त्यांचे शिक्षण हॅमिल्टन यांच्या देखरेखीखाली झाले होते. घटनेनंतर लगेच त्यांनी ड्युरँड यांना, हंगरफर्ड यांना आणि मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांना पत्रे पाठवून आपला यात हात नाही असे कळविले. त्यांनी काही युरोपीय व ख्रिस्ती माणसांना राजवाड्यात आश्रय दिला. उठाववाल्यांनी ती माणसे स्वाधीन करा असा आग्रह धरला तेव्हा, ४ जुलै रोजी, महाराज स्वतः घोड्यावर बसून त्यांच्या तळावर गेले व माणसे देण्यास त्यांनी नकार दिला, असे होळकरांच्या बाजूची हकिकत सांगते. त्यानंतर उठाववाले लुटीसह उत्तरेकडे निघून गेले.

हीही साक्ष पारखावयास हवी. ड्युरँड यांना अब्रूची काळजी होती, तर तुकोजीरावांना गादीची. त्यांची पत्रे इंग्रजांना उद्देशून आहेत, आणि इंग्रज सत्ता टिकली तर काय होईल हे लिहिणाऱ्याला ठाऊक होते. शिवाय १ जुलैच्या सकाळपासून ४ जुलैपर्यंत महाराज रेसिडेन्सीकडे फिरकले नाहीत, ही गोष्ट उरतेच. फौज हाताबाहेर गेली होती हे त्याचे एक स्पष्टीकरण. वारा कोणत्या दिशेने वाहतो ते पाहत ते थांबले, हे दुसरे. आम्हांस वाटते की या दोहोंत विरोध असण्याचे कारण नाही. बावीस वर्षांच्या तरुणाला आपली फौज आवरता आली नसेल, आणि ती आवरण्याची घाई करावी असेही त्याला वाटले नसेल. मनुष्यस्वभाव जाणणाऱ्या धर्मगुरूंना यात नवल वाटू नये. कबुलीजबाबाच्या वेळी आपण शुद्ध हेतू क्वचितच ऐकतो.

मात्र ड्युरँड यांच्या बाजूचा मुख्य युक्तिवाद आम्हांस पटत नाही. तो असा की, होळकरांचे सैनिक होळकरांच्या हुकमावाचून तोफा वळवणार नाहीत. त्याच दिवशी, अवघ्या चौदा मैलांवर, कंपनीच्या शिपायांनी कंपनीच्याच अधिकाऱ्यांना ठार मारले. कर्नल प्लॅट यांचा आपल्या पलटणीवर शेवटपर्यंत भरवसा होता. तो हल्ला कंपनीच्या हुकमाने झाला असे कोणी म्हणत नाही. ग्वाल्हेरला कंटिंजंट उठली, आणि शिंदे इंग्रजांच्या पक्षालाच राहिले. १८५७ चे सारे वर्षच मुळी धन्याचा हुकूम मोडणाऱ्या फौजांचे होते. मग एकट्या इंदुरातच फौजेची कृती ही धन्याची कृती का धरावयाची?

या वादाचा पुढचा प्रवास उद्बोधक आहे. लढाई संपल्यावर शिंद्यांना आणि भोपाळच्या बेगमेला मुलूख बक्षीस मिळाला. तुकोजीरावांना १८६१ साली स्टार ऑफ इंडियाचा किताब मिळाला, पण त्या तोडीचा मुलूख मिळाला नाही. ड्युरँड यांचा अहवाल आड आला, अशी होळकर दरबाराची तक्रार अखेरपर्यंत राहिली. ड्युरँड पुढे पंजाबचे लेफ्टनंट गव्हर्नर झाले आणि १८७१ च्या पहिल्याच दिवशी टांक येथे हत्तीवरील अंबारी वेशीच्या कमानीला आदळून झालेल्या अपघातात मरण पावले. १८७६ साली सर जॉन के यांच्या इतिहासाचा तिसरा खंड निघाला व त्यात ड्युरँड यांच्या माघारीवर टीका आली. त्याच वर्षी ड्युरँड यांचे चिरंजीव हेन्री मॉर्टिमर यांनी पित्याच्या बचावासाठी पुस्तक लिहिले. हे तेच मॉर्टिमर ड्युरँड, ज्यांच्या नावाची सीमारेषा पुढे अफगाणिस्तानशी आखली गेली. १८७७ साली जॉन डिकिन्सन यांचे होळकरांची बाजू मांडणारे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. पुत्र पित्याची अब्रू राखतो, मित्र राजाची राखतो. पुरावे बहुतेक तेच, निष्कर्ष उलटे.

विसाव्या शतकात याहूनही मोठी उलथापालथ झाली. १८५७ हे स्वातंत्र्यसमर म्हणून पाहिले जाऊ लागले, तेव्हा इंग्रजांशी निष्ठा हा गुण राहिला नाही. मग माळव्यात अशी मांडणी ऐकू येऊ लागली की, महाराज आतून उठावाच्या बाजूचे होते, सआदत खानाला त्यांचाच इशारा होता, आणि पुढची पत्रे म्हणजे केवळ मुत्सद्देगिरी. वाचकांच्या लक्षात आलेच असेल की हे ड्युरँड यांचेच म्हणणे आहे. त्यातील एकही पुरावा बदललेला नाही. फक्त आरोपाचा गौरव झाला आहे. ज्या वाक्यावरून एका पिढीने तुकोजीरावांना विश्वासघातकी ठरविले, त्याच वाक्यावरून दुसऱ्या पिढीने त्यांना देशभक्त ठरविले. पुरावा तोच राहून निवाडा असा फिरतो, तेव्हा तो पुराव्यावर उभा नसून आपल्या गरजेवर उभा आहे, असा संशय घ्यावा हे बरे.

मराठी वाचकाला येथे विष्णुभट गोडशांची आठवण होईल. वरसईचा हा भिक्षुक त्याच वर्षी महूमार्गे उत्तरेस गेला, शिपायांच्या तोंडच्या वार्ता त्याने ऐकल्या, आणि पुष्कळ वर्षांनी, घरी परतून म्हातारपणाकडे झुकल्यावर, त्या लिहून काढल्या. ‘माझा प्रवास’ १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी छापला तो स्वतःचे संस्करण करून. मूळ पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली प्रसिद्ध केला. मधली जवळजवळ साठ वर्षे महाराष्ट्र ज्याला गोडसे भटजींचे शब्द समजत होता, त्यांत वैद्यांचाही हात होता. पाठचिकित्सेचा घरचा धडा हवा असलेल्या धर्मशिक्षकांनी हे उदाहरण जरूर वापरावे. मुलांना ते ग्रीक हस्तलिखितांपेक्षा लवकर समजते.

आता आपल्याला अधिक जवळची आणि अधिक अवघड अशी एक गोष्ट. त्या सकाळी मारले गेलेले कोण होते? मोठे साहेब ड्युरँड यांच्याबरोबर निसटले. मेले ते बहुतेक कारकून, तारखात्यातील नोकर, त्यांच्या बायका आणि मुले. त्यांत युरेशियन पुष्कळ. ड्युरँड यांच्या बचावात ही माणसे येतात ती होळकरांवरील आरोपाला बळकटी म्हणून. होळकरांच्या बचावात ती येतात ती ड्युरँड त्यांना सोडून गेले हे दाखविण्यासाठी. स्वातंत्र्यसमराच्या कथेत ती बहुधा येतच नाहीत. ती ख्रिस्ती होती, आणि त्या दिवशी ख्रिस्ती असणे व साहेब असणे यांत मारणाऱ्यांनी भेद केला नाही.

येथे ख्रिस्तसभेच्या माणसाला दोन मोह होतात. एक, आपले धर्मबंधू मारले गेले म्हणून इंग्रजी हकिकत जशीच्या तशी स्वीकारणे. दुसरा, आपण परके ठरू नये म्हणून त्यांचे नावही न काढणे. आम्हांस दोन्ही नापसंत आहेत. परकीय सत्तेविरुद्ध शस्त्र उचलणाऱ्यांची कारणे खरी होती. तारमास्तराच्या मुलाचा त्यांत अपराध नव्हता. ही दोन्ही विधाने एकाच प्रवचनात करता आली पाहिजेत. ज्याला ती एकत्र करता येत नाहीत त्याने त्या दिवशी दुसरा विषय घ्यावा.

आणखी एका कारणाने आपण सावध असावे. इंदुरात कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनचे काम १८७७ साली सुरू झाले, तेव्हा गादीवर हेच तुकोजीराव होते, आणि त्यांच्या दरबाराने शहरातील जाहीर उपदेशाला विरोध केला. त्या काळच्या मिशनरी लेखनात महाराजांचे चित्र कडवट आहे ते त्यामुळे. १८८६ साली ते वारले. दुसऱ्याच वर्षी इंदूर ख्रिश्चन कॉलेज सुरू झाले. जुन्या मिशन-वृत्तान्तांत तुकोजीरावांचा कपटी म्हणून उल्लेख आढळला, तर तो १८५७ विषयीचा पुरावा समजू नये. तो उपदेशबंदीच्या रागाचा पुरावा आहे.

बख्तावरसिंहांविषयी थोडक्यात लिहितो, कारण तेथे प्रश्न निराळा आहे. इंदूरच्या वार्तेपाठोपाठ अमझेऱ्याच्या लोकांनी भोपावरच्या एजन्सीवर हल्ला केला. एजंट हचिन्सन सपत्नीक झाबुव्याकडे निसटले. त्यांची पत्नी ही सर रॉबर्ट हॅमिल्टन यांची कन्या. राजे पकडले गेले, इंदुरात त्यांची चौकशी झाली, आणि १० फेब्रुवारी १८५८ रोजी त्यांस फाशी देण्यात आले. अमझेरा शिंद्यांच्या राज्यात गेले. महाराजा यशवंतराव रुग्णालयाच्या आवारातील कडुनिंबाचे झाड लोकपरंपरा आजही दाखविते. होळकरांचे आणि अमझेऱ्याचे तोलून पाहिले तर एक विचार सुचतो : मोठ्या संस्थानिकाविषयी संशय असला तर पुस्तके लिहिली जातात, लहान संस्थानिकाविषयी असला तर निकाल लवकर लागतो. महाराजांच्या अपराधाचा वाद वीस वर्षे चालला. अमझेऱ्याचा काही महिन्यांत मिटविण्यात आला.

राहता राहिला सआदत खान. ड्युरँड, डिकिन्सन आणि आजचे गौरवकर्ते यांच्यात एका बाबतीत पूर्ण एकमत आहे : प्रश्न महाराजांचा, सआदत खान हा केवळ निरोप्या. निरोप खरा की खोटा एवढाच काय तो तंटा. आम्हांस असे सुचवावेसे वाटते की, ते वाक्य त्याचे स्वतःचे असू शकते, आणि तसे मानल्यास ते अधिक अर्थपूर्ण होते. दिल्लीस पोहोचलेल्या शिपायांनी प्रथम बहादूरशहाला गाठले. कानपूरच्या शिपायांना नानासाहेबांचे नाव हवे होते. पगारी सैनिक आजवरचा हुकूम मोडतो तेव्हा त्याला त्याहून जुन्या, त्याहून आपल्या अशा हुकमाचा आधार लागतो. कोणाच्या तरी नावाने लढल्यावाचून त्याला लढता येत नाही. रिसाल्यात उभी हयात काढलेल्या माणसाला हे शिकवावे लागले नसेल. महाराजांचा हुकूम आहे ही आरोळी आपल्याला राजवाड्यात काय ठरले ते सांगत नाही. तोफांजवळ उभ्या असलेल्या माणसांना काय ऐकावयाचे होते ते सांगते. असे पाहिल्यास सआदत खान निरोप्या राहत नाही. आपल्या जबाबदारीवर निर्णय घेणारा आणि त्या निर्णयाच्या बऱ्यावाईट सर्व परिणामांचा धनी असा मनुष्य ठरतो. तारमास्तरांच्या घरांत जे घडले त्याचाही हिशेब मग महाराजांच्या खाती लोटता येत नाही.

इंदूरची फौज आग्र्यापर्यंत गेली व १० ऑक्टोबर १८५७ च्या लढाईत मोडली. सआदत खान त्यानंतर दीर्घकाळ इंग्रजांच्या हाती लागला नाही. सतरा वर्षांनी तो सापडला, आणि १ ऑक्टोबर १८७४ रोजी इंदूरच्या रेसिडेन्सीत त्याला फाशी देण्यात आले. तुकोजीराव तेव्हा एकोणचाळीस वर्षांचे असून गादीवर होते, त्यांची दिवाणगिरी सर टी. माधवराव यांच्याकडे होती, आणि त्या हुकमाचा वाद घालणारी पुस्तके निघावयास अजून दोन वर्षे होती.